रोझेशिया असलेला चेहरा कसा धुवावा

गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी या चेहऱ्याच्या मधल्या भागावर वरचेवर लाली चढणे, पुढे ती टिकून राहणे, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणे आणि मुरमांसारख्या पुटकुळ्या येणे ही रोझेशियाची नेहमीची लक्षणे आहेत. हा विकार बहुधा तिशीनंतर डोके वर काढतो. सावळ्या चेहऱ्यावर लाली लवकर नजरेत येत नाही, त्यामुळे माणूस ‘तोंड भाजल्यागत होतंय’ म्हणत राहतो आणि घरचे त्याचा दोष पित्ताला देतात. मुरमांबरोबर ब्लॅकहेड्स (रंध्रांत अडकलेले काळे ठिपके) असतात, रोझेशियात ते नसतात. ही खूण लक्षात ठेवावी, पण निदान त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

ही खूण ठाऊक नसल्याने मी दोन वर्षे मसुरीच्या पिठाने चेहरा चोळत होतो. तेल निघाले की पुटकुळ्या जातील, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात या विकारात त्वचेचे वरचे संरक्षक आवरण आधीच दुबळे झालेले असते आणि प्रत्येक घासणीने ते आणखी विरते.

चेहरा सकाळी आणि रात्री असा दोनदाच धुवावा, मात्र तो अंघोळीच्या पाण्याने धुऊ नये. कोल्हापुरात अजूनही अनेक घरांत बंब पेटतो आणि अंगाला चटका बसल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. तसल्या पाण्याने आणि कोंडलेल्या वाफेने चेहऱ्यातील रक्तवाहिन्या फुगतात. म्हणून तांब्यात वेगळे पाणी घेऊन ते मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून पाहावे. तेथे ते ना गरम ना गार लागले, की ते चेहऱ्याला चालते.

साध्या साबणाचा पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचे माप) ९ ते १० असतो आणि त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५, म्हणून साबणाऐवजी बिनवासाचा, सौम्य, साबणविरहित क्लिन्झर वापरावा. तो बोटांच्या टोकांवर घेऊन अर्धा मिनिट हलकेच फिरवावा. घासणी, ब्रश किंवा खरखरीत कापड चेहऱ्याला लावू नये. नाकाच्या कडेला आणि केसांच्या रेषेशी फेस राहून जातो व तेथेच नंतर चुणचुणते, त्यामुळे पाणी नीट मारून घ्यावे. मग वापरून मऊ झालेल्या सुती पंचाने टिपावे. पुसू नये, केवळ टिपावे.

डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल, अझेलेइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन यांपैकी एखादे मलम दिले असेल, तर ते ओल्या चेहऱ्यावर लावू नये, कारण ओल्या त्वचेवर ते अधिक झोंबते. सुरुवातीला अर्धा तास थांबावे, सवय झाल्यावर हा वेळ कमी करता येतो. त्यानंतर ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेच्या आवरणातला स्निग्ध घटक) असलेले मॉइश्चरायझर आणि दिवसा त्यावर किमान ३० एसपीएफचे, झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन लावावे. कोणतीही नवी वस्तू आधी मानेच्या कडेला थोडी लावून काही दिवस पाहावी. लिंबू, कापूर, मेन्थॉल, स्पिरिट असलेले टोनर आणि दिवाळीचे उटणे चेहऱ्यापासून दूर ठेवावे. पुरुषांनी दाढीनंतर तुरटी फिरवू देऊ नये. न्हाव्याला ते चमत्कारिक वाटते, पण वाटू द्यावे.

सर्वांत मोठा धोका गोरेपणाच्या किंवा ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मलमांचा आहे. त्यांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडे असू शकतात. चार दिवस चेहरा उजळतो, पण ती दीर्घकाळ लावल्यास त्यांच्यामुळेच रोझेशियासारखा विकार जडतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी मला पहिली ट्यूब एका दुकानदाराने चिठ्ठी न विचारताच दिली होती. असे मलम चालू असेल तर ते मनानेच एकदम बंद करू नये, कारण त्याने चेहरा भडकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे.

लाली कशाने चढते हे प्रत्येकाचे निराळे असते, म्हणून महिनाभर वहीत नोंद ठेवावी. ऊन, तिखट, दारू आणि मानसिक ताण ही कारणे अनेकांत आढळतात. तांबडा रस्सा सोडा असे कोल्हापुरात सांगणे धाडसाचे आहे. निदान तो वाफाळता न पिता पांढऱ्याकडे वळून पाहावे. चहाही निवू द्यावा, कारण त्यात त्रास बहुधा कढतपणाचा असतो. गुऱ्हाळावर काहिलीसमोर काम करणाऱ्याने मधूनमधून बाहेर येऊन मानेवर गार ओला पंचा ठेवावा. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना चेहऱ्यावर मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून निघावे. परतल्यावर कोरडा गुलाल चोळून न काढता मऊ कापडाने झटकावा आणि एकदाच सौम्यपणे धुवावे. गुलाबी छटा उरली तर ती दोन दिवसांत आपोआप जाईल.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पापण्यांच्या कडा लाल होणे किंवा उजेड सहन न होणे हीदेखील रोझेशियाची लक्षणे असू शकतात. तसे झाल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे आणि चेहऱ्याच्या विकाराचे त्यांना आवर्जून सांगावे.