विमा एजंटांनी दुचाकीचा खर्च कमिशनमधून कसा वजा करावा

विमा एजंटाचे काम दुचाकीवाचून चालत नाही, तरीही तिचा खर्च कमिशनच्या उत्पन्नातून वजा करायचे अनेक जण सोडून देतात, नाहीतर विवरणपत्र भरताना अंदाजाने एखादा गोल आकडा टाकतात. पहिल्यात कर जास्त जातो आणि दुसऱ्यात चौकशी आली की दाखवायला काही नसते. छोट्या व्यावसायिकांना असलेली आयकर कायद्याच्या कलम ४४एडीची अंदाजित उत्पन्नाची सोय, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून कर भरण्याची मुभा, कमिशन आणि दलालीला लागू नाही, म्हणून एजंटाला प्रत्यक्ष खर्चाचाच हिशेब ठेवून आयटीआर-३ हे विवरणपत्र भरावे लागते. नवी करप्रणाली घेतली तरी हा खर्च वजा होतो.

सगळा हिशेब एका नोंदवहीवर उभा राहतो. १ एप्रिलला गाडीचे रीडिंग लिहून ठेवावे आणि पुढे कामाच्या प्रत्येक फेरीची एक ओळ त्याच दिवशी लिहावी: ‘१२ ऑगस्ट, सासवड, पॉलिसी नूतनीकरण, ४१२३० ते ४१२९८’. घरच्या फेऱ्या लिहिण्याची गरज नाही, कारण ३१ मार्चच्या रीडिंगवरून त्या आपोआप निघतात. घर ते कार्यालय हे अंतर मी खासगीतच धरायला सांगतो.

समजा, वर्षभरात गाडी १२,००० किलोमीटर चालली आणि त्यांतले ९,००० कामाचे होते, तर कामाचा वाटा ७५ टक्के झाला. पेट्रोल २८,०००, सर्व्हिसिंग ७,०००, विमा २,००० आणि कर्जावरील व्याज ८,००० रुपये, असे ४५,००० होतात. यंदाच मे महिन्यात घेतलेल्या एक लाखाच्या गाडीवर १५ टक्के दराने १५,००० रुपये घसारा, म्हणजे गाडीची किंमत वापराने घटते त्यापोटीची वजावट, मिळतो. मात्र खरेदीच्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर त्याच्या निम्माच मिळतो. एकूण ६०,००० रुपयांच्या ७५ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये खर्च म्हणून दाखवावेत. हप्त्यातले मुद्दल यात धरू नये, कारण गाडीची किंमत घसाऱ्यातून वजा होतच असते, आणि वाहतूक पोलिसांनी केलेला दंडही धरू नये.

पेट्रोल पंपावरच्या पावतीची शाई काही महिन्यांत उडते आणि हातात कोरा कागद उरतो, म्हणून तिचा फोटो त्याच दिवशी काढावा किंवा पैसे यूपीआयने द्यावेत. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च नामंजूर होतो. गाडीच्या किमतीपैकी अशी रोख दिलेली रक्कमही घसाऱ्यासाठी धरली जात नाही, तेव्हा डाऊन पेमेंट बँकेतूनच करावे.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी वर दिलेला क्रमांक १९६१ च्या कायद्यातला आहे आणि ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच कायदा लागू राहतो.