जयगडची फेरीबोट आणि सायकलचा ब्रेक

तवसाळहून जयगडला सायकल घेऊन फेरीबोटीत चढलं की खाडी बघायची सोडून सायकलच धरून बसावं लागतं. बोट जरा हलली की ती घरंगळते.

यावर फुकटातला उपाय:
१. जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद आडवा काप घ्या. आयतं रबरी कडंच मिळतं.
२. ते हँडलच्या मुठीत अडकवून ठेवा.
३. बोटीत पुढचा ब्रेक दाबून कडं ब्रेकवर सरकवा. सायकल कठड्याला टेकवा आणि मोकळ्या हातांनी जयगडचा बुरूज जवळ येताना बघा. सकाळी ऊन पाठीशी असतं, समुद्राची बाजू स्वच्छ दिसते.

किल्ल्याच्या चढावर चहाला थांबतानाही हेच कडं कामाला येतं.

फक्त उतरण्याआधी ते काढा. मी एकदा विसरलो, जेटीवर सगळ्यांची करमणूक झाली.