निपाणीच्या पिनकोडचे मूळ अवयव कसे पाडावेत

५९१२३७ च्या अंकांची बेरीज २७, म्हणजे ९ ने निःशेष भाग जातो. उरतात ६५६९३. आता ७, ११, १३ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भागत चला. वर्गमूळ २५६ च्या थोडे पुढे, त्यामुळे मजल २५१ पर्यंत. बरेच जण शंभराजवळ थांबून ६५६९३ लाच मूळ संख्या ठरवतात, आणि तिथेच घात होतो. १७९ ने भाग जातो! भागाकार ३६७. त्याचे वर्गमूळ २० हून कमी आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या आधीच बाद झालेल्या, म्हणून तोही मूळच.

५९१२३७ = ३² × १७९ × ३६७. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणले की विभाजकांची संख्या: ३×२×२ = १२. त्या विभाजकांची बेरीज १३×१८०×३६८ = ८६११२०; १८० म्हणजे १+१७९, ३६८ म्हणजे १+३६७. इथला १३ म्हणजे १+३+९; यातला ९ हमखास विसरतो.