पॉपलर : पान भाद्रपदात पाहा, रोप जानेवारीत लावा

काश्मीर फिरून आलेलं लष्करातलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतं, "तिथं रस्त्याकडेला खराट्यासारखी उभी असतात ती झाडं ग्वाल्हेरजवळ डबऱ्याच्या शेतात लावू का?" नको. तो काळा पॉपलर, त्यातली उभट जात. थंड मुलखातलं झाड. आपल्या वैशाखाशी त्याचं जमायचं नाही.

पंजाब-हरियाणात गव्हाच्या शेतात रांगांनी दिसतो तो त्याचा भाऊबंद, डेल्टॉइडिस. मूळचा उत्तर अमेरिकेतल्या नदीकाठचा. प्लायवूड आणि आगकाड्यांसाठी लागतो तो हाच.

दोन्हींची रोपं जानेवारीत निष्पर्ण असतात, तेव्हा नुसती काठी पाहून ओळखणं अवघड. म्हणून रोपवाटिकेत भाद्रपदातच, पानं असताना, चक्कर मारा. डेल्टॉइडिसचं पान मोठं, त्रिकोणी, बुडाशी सपाट. देठ जुळतो तिथं बारीक गाठी असतात. काळ्याचं पान लहान, देठाकडे निमुळतं, गाठी नाहीत. देठ मात्र दोघांचेही चपटे, त्यामुळे जराशा वाऱ्यानेही पानं पिंपळासारखी सळसळतात. (पिंपळाशी नातं काही नाही, तो वडा-उंबराच्या कुळातला.)

आता खरी अडचण. देशात डेल्टॉइडिसची शेती मुख्यतः २८ अंश अक्षांशाच्या वर होते. ग्वाल्हेर २६ अंशांवर. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि या झाडाला तहान फार. हरसी धरणाच्या कालव्यावर विसंबू नका, मे-जूनमध्ये स्वतःच्या बोअरला पाणी असेल तरच विचार करा. मुरमाड, खारवट किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत लावूच नये. धानाच्या खाचरात तर नाहीच, बांधावर एखादी रांग पुरे.

लावणी जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, डोळे फुटायच्या आत. एक वर्षाचं सरळ रोप घ्या, लावण्याआधी दिवसभर मुळं पाण्यात ठेवा, खड्डा १ मीटर खोल. रान भरून लावायचं असेल तर ५ × ४ मीटर, म्हणजे हेक्टरी ५००. गव्हाला पहिली दोन-तीन वर्षं सावलीचा त्रास नाही. पुढेही थंडीत पानं गळलेली असतात, ऊन मिळतं. वाळवीवर लक्ष ठेवा, दोन शेंडे फुटले तर एक काढा.

तोड ६ ते ८ वर्षांनी. मोठा बाजार यमुनानगरचा, इथून पाचशेएक किलोमीटर. शेत बटाईने दिलं असेल तर झाडं कुणाची, हे लावणीआधीच कागदावर घ्या.