डिग्री आर्ट्स-कॉमर्सची आणि जायचंय पीए स्कूलला? सायन्सचे प्रीरेक असे लावा

माझी बॅचलर्स इतिहासातली, तिशीत डोक्यात आलं की फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरांच्या टीममध्ये पेशंट तपासणारे आणि उपचार करणारे) व्हायचं, आणि ट्रान्सक्रिप्ट उघडून बघते तर सायन्सच्या नावाने बोंब. अमेरिकेत माझ्यासारखे बरेच जण असतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक, दुसरी बॅचलर्स करावी लागत नाही. डिग्री कुठल्याही विषयातली चालते, फक्त प्रीरेक, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे ठरावीक कोर्सेस, पाहिजेत. साधारण बायो, जनरल केमिस्ट्रीचे दोन, मग ऑरगॅनिक किंवा बायोकेम, अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन, मायक्रोबायोलॉजी, शिवाय स्टॅट्स आणि सायकॉलॉजी, जे तुमच्या जुन्या डिग्रीत कदाचित झालेही असतील. भारतातली डिग्री असेल तर बरेच प्रोग्राम सायन्सचे कोर्स अमेरिकेतल्याच कॉलेजातले मागतात, ते आधीच बघा.

नाव नोंदवायच्या आधी आठ-दहा प्रोग्राम निवडून एक शीट बनवा. कोणाला ऑनलाइन लॅब चालत नाही, कोणाला ५ किंवा ७ वर्षांपेक्षा जुना कोर्स नको, कोणी सी ग्रेड घेतं तर कोणी बी-च्या खाली बघतच नाही. कम्युनिटी कॉलेज स्वस्त पडतं आणि खूप ठिकाणी चालतं, पण तिथे केमिस्ट्रीचे दोन प्रकार असतात, एक सायन्सवाल्यांचा आणि एक इतरांसाठी सोपा केलेला, आणि सोपा बघून घेतलात तर सेमिस्टर वाया, कारण प्रोग्रामला पहिलाच हवा असतो.

वेळापत्रक केमिस्ट्रीवरून ठरवा. जनरल १, मग २, मग ऑरगॅनिक, मग बायोकेम, एकाशिवाय पुढचा मिळत नाही, म्हणजे बायोकेमपर्यंत जायचं तर चार टर्म गेल्याच. बाकीचे कोर्स मधे मधे बसवता येतात.

आता जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी. समजा जुने १२० क्रेडिट २.९ ने झालेत आणि आता ३२ क्रेडिट सगळे ए आणलेत, तरी एकूण जातो ३.१३ च्या आसपास, म्हणजे फार हलत नाही. पण अर्ज ज्यातून जातो ते कास्पा सायन्सचा जीपीए वेगळा काढतं, आणि आपली ती पाटी कोरी असते. हाच आपला फायदा, आणि धोकाही, कारण पहिल्याच टर्मला नोकरी सांभाळून तीन लॅबवाले कोर्स घेऊन दोन सी आणले तर ते पुसता येत नाहीत, परत कोर्स केला तरी कास्पा दोन्ही ग्रेड धरतं. म्हणून पहिल्या टर्मला एकच, फार तर दोन. लोक म्हणतात एका वर्षात उरकून टाक, ऐकू नका.

अ‍ॅनाटॉमीचं प्रॅक्टिकल ही वेगळीच गंमत आहे. टेबलावर हाडं मांडलेली, त्यांना नंबरची चिठ्ठी, एक मिनिट झालं की बेल, पुढच्या टेबलावर. मी पहिल्या वेळी नुसतं पुस्तक वाचून गेले, चित्रातला ह्युमरस (दंडाचं हाड) पाठ होता पण हातात हाड आल्यावर डावं की उजवं कळेना, आणि स्पेलिंग चुकलं तर अर्धा मार्क गेला तो वेगळाच. नंतर ओपन लॅबमध्ये जाऊन हाड हातात घेऊन शिकले, नाव बोलायचं, लिहायचं, फिरवून परत ओळखायचं. मार्क लगेच सुधारले.

सोबत पेशंटसोबतचे तासही जमवायला लागतात, पुष्कळ प्रोग्राम ५०० ते २००० च्या मधे कुठेतरी मागतात. सीएनए (नर्सिंग असिस्टंट) किंवा ईएमटी (अ‍ॅम्ब्युलन्सवरचा तंत्रज्ञ) यांचं ट्रेनिंग उन्हाळ्यात होऊन जातं, मग वीकेंडला शिफ्ट घेता येते.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस सेव्ह करून ठेवा, एखाद्या प्रोग्रामने कोर्स मान्य नाही म्हटलं तर तोच दाखवायचा असतो. प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला पहिल्या महिन्यापासून जा, शिफारसपत्र मागताना त्यांना तुमचा चेहरा आठवला पाहिजे. कास्पा एप्रिलच्या शेवटी उघडतं, आणि एक-दोन प्रीरेक चालू असले तरी बऱ्याच ठिकाणी अर्ज घेतात, कोणते आणि किती तेही त्याच शीटमध्ये एका कॉलममध्ये लिहून ठेवा.