जर्मनीत तत्त्वज्ञानाचं एम.ए.: या चुका टाळा, निदान माझ्या तरी पुन्हा करू नका

मी जर्मनीत तत्त्वज्ञानाचं एम.ए. केलंय, त्यामुळे जुलै उजाडला की मला फोन सुरू होतात. कुणाची भाची, कुणाच्या मित्राचा मुलगा. पुण्याला नाहीतर मुंबईला बी.ए. झालेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, तिकडे फी नसते ना?" दुसराही ठरलेला: "कांट इंग्रजीतून वाचला तर चालतो ना?" पाचव्या फोनानंतर माझा आवाज चढतो, असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी कागदपत्रांच्या चुका, त्या पटकन उरकतात. जुलैत फोन करणं हीच पहिली चूक. हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत कुठे १५ जुलै असते, कुठे त्याच्याही आधी संपलेली असते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र लागतं आणि ते दोन दिवसांत हातात पडत नाही. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. "तिकडे गेल्यावर काम करून भरीन" हे व्हिसा देणाऱ्यांना सांगून उपयोग नाही.

फी नसते हे बहुतेक ठिकाणी खरं, पण बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो पडतात. आणि आपली भाबडी मंडळी अर्ज करतात ते नेमके तिथेच: हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग. का, तर तत्त्वज्ञ हेगेल ट्युबिंगनला शिकला आणि तत्त्वज्ञ हायडेगर फ्रायबुर्गला शिकवायचा. हेगेल तुमची फी भरायला येणार नाही.

भाषेबद्दल एवढंच सांगते. जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे डीएसएच या जर्मनच्या परीक्षेत दुसरी पातळी (डीएसएच-२) किंवा टेस्टडाफ या दुसऱ्या परीक्षेच्या चारही भागांत ४ मागतात. "जर्मनची बी-टू पातळी झालीय, बाकीचं तिकडे सुधारेल" म्हणणाऱ्यांचं सुधारतं ते बेकरीतलं जर्मन. इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत, उदाहरणार्थ म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठातला तर्कशास्त्र आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा, पण तिथे गणिताची भीती असलेल्याने जाऊ नये. "फिलॉसॉफी आहे, गणित कशाला" हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय.

वेळापत्रकात १४ च्या पुढे 'सी.टी.' असेल तर तास सव्वादोनला सुरू होतो. 'एस.टी.' असेल तर बरोबर दोनला. (ही एस.टी. मात्र वेळेवर येते.) गुणांमध्ये १.० सगळ्यात वरचे आणि ४.० म्हणजे काठावर पास, तेव्हा आईला फोनवर "१.३ मिळाले" म्हणताना आधी समजावून सांगा, नाहीतर घरी रडारड होते.

अनुवादावर निभावून नेणं

यावर मी लांबण लावणार आहे, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे.

पहिल्याच सत्रात हेगेलच्या १८०७ सालच्या 'फेनोमेनोलोगी डेस गाइस्टेस' या पुस्तकावरच्या सेमिनारला नाव घातलं. प्रत्यक्षज्ञानावरचं आख्खं प्रकरण मी इंग्रजीतून वाचून गेले, चार रंगांचे हायलायटर वापरून. तासाला कळलं की आज दीडच पान होणार आहे. नव्वद मिनिटं, दीड पान. प्राध्यापक एकेक वाक्य कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि विचारायचे, इथे हा शब्द नक्की काय करतोय? माझ्या वाट्याला 'आउफहेबेन' आला. मी ऐटीत म्हटलं, "सब्लेट." ते मान डोलावून अगदी सभ्यपणे म्हणाले, "बरं. म्हणजे काय?"

मला सांगता येईना. सब्लेट हा शब्द कुणी इंग्रज तरी स्वयंपाकघरात वापरत असेल का? तो अनुवादकांच्या उपयोगाचा शब्द, आणि मी तो ओळखपत्रासारखा दाखवत होते. माझ्या पुस्तकाची पानंही बाकीच्यांशी जुळत नव्हती, त्यामुळे वाक्य कुठलं चाललंय तेही शेजारची मुलगी बोट ठेवून दाखवत होती.

अर्थ कळला तो पुढच्या दोन आठवड्यांत, पुस्तकाबाहेर. घरमालकीणबाई म्हणाल्या, हीटरची पावती 'आउफहेबेन' करा, म्हणजे जपून ठेवा. ट्राममध्ये एका आईने पोराला खाली पडलेला हातमोजा 'आउफहेबेन' करायला सांगितलं, म्हणजे उचल. आणि वर्तमानपत्रात वरच्या न्यायालयाने खालच्याचा निकाल 'आउफहेबेन' केला, म्हणजे रद्द केला. उचलणं, जपणं, रद्द करणं, तिन्ही एकाच क्रियापदात, तेही रोजच्या वापरातल्या. हेगेलने त्याच प्रकरणात या शब्दाचा दुहेरी अर्थ, नाकारणं आणि जपणं, स्वतः सांगितलाय. आपल्याकडे 'उचलून ठेवणं' आहे, त्यात तीनपैकी दोन येतात. तिसऱ्यासाठी मी अजून शोधतेय.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. जर्मन पुस्तक डावीकडे, अनुवाद उजवीकडे आणि पालथा. वाक्य दोनदा वाचल्याशिवाय अनुवाद सुलटा करायचा नाही. एक वही केलीय, तिच्यात प्रत्येक तत्त्वज्ञाची पानं वेगळी, कारण एकच शब्द दोघांकडे एकाच अर्थाने येईल याची खात्री नाही. 'फोरश्टेलुंग' म्हणजे सिनेमाच्या खिडकीवर खेळ, आणि कांटकडे मनात उमटणारं जवळपास काहीही. 'फेरश्टांड' (इंग्रजीत अंडरस्टँडिंग) आणि 'फेरनुन्फ्ट' (इंग्रजीत रीझन) या दोघांनाही मराठीत आपण सैलपणे बुद्धी म्हणून मोकळे होतो. कांटचं निम्मं पुस्तक या दोघांमधल्या फरकावर उभं आहे.

आता मशीनकडून सारांश काढून येणारी पिढी आलीय. काढा बापडे. पण दीड पानाच्या तासाला दहा ओळींचा सारांश घेऊन बसलात की नव्वद मिनिटं खाली मान घालून काढावी लागतात.

जाता जाता: कांटच्या याच पुस्तकाचा, 'क्रिटिक डेअर राइनेन फेरनुन्फ्ट'चा, संदर्भ देताना तुमच्या प्रतीचा पान क्रमांक देऊ नका. १७८१ ची पहिली आवृत्ती म्हणजे ए, १७८७ ची दुसरी म्हणजे बी, आणि संदर्भ ए ५१/बी ७५ असा. आकडे चांगल्या प्रतींच्या समासात छापलेले असतात.

फेब्रुवारीत सुट्टी लागली असं समजणं

हिवाळी सत्राचे तास फेब्रुवारीत संपतात आणि एप्रिलपर्यंत वर्ग नसतात. जर्मन लोक या काळाला सुट्टी म्हणत नाहीत, 'तास नसलेला काळ' म्हणतात. मी सुट्टी समजले. तीन सेमिनारच्या तीन हाउसआर्बाइट, म्हणजे प्रत्येकी पंधरा-वीस पानांचे निबंध, डोक्यावर, मुदत ३१ मार्च, आणि मी मैत्रिणीबरोबर प्राग, व्हिएन्ना करत होते. कुणी आठवण केली नाही. करतच नाहीत. आपल्याकडे सबमिशन राहिलं तर शिपाईसुद्धा जिन्यात अडवून विचारतो. इथे तुम्ही निबंध दिला नाहीत तर जगात काहीही घडत नाही, फक्त तुमचे क्रेडिट जमा होत नाहीत. एम.ए.ला लागतात १२०, कागदावर चार सत्रांत. मला सहा लागली.

त्या मार्चमध्ये शेवटच्या नऊ दिवसांत एकच निबंध झाला. विषय: 'कांटची स्वातंत्र्याची कल्पना'. अठरा पानं. आधी कांटचं चरित्र, मग त्याची 'क्रिटिक' नावाची तिन्ही पुस्तकं थोडी थोडी, मग टीकाकार, मग समारोप. बी.ए.च्या दहा मार्कांच्या उत्तराला पाणी घालून केलेलं कालवण. परत आला तेव्हा शीर्षकाच्या खाली पेन्सिलीने एकच शब्द होता, 'फ्रागेश्टेलुंग?' म्हणजे, बाई, तुमचा प्रश्न काय आहे? पुढची सतरा पानं कोरी. गुण ३.७.

यावर मला ठाऊक असलेला उपाय एकच. पुस्तकातला एक परिच्छेद धरायचा, त्यात न पटणारी किंवा न जुळणारी एक जागा शोधायची, आणि तिच्यावरच पंधरा पानं लिहायची. प्रश्न मी आधी मराठीत लिहिते, एका वाक्यात, आणि तत्त्वज्ञानाशी संबंध नसलेल्या माझ्या भावाला पाठवते. त्याने उलट "मग?" असं विचारलं तर प्रश्न अजून झालेला नाही. पुढच्या निबंधाचा प्रश्न होता, कांटच्या म्हणण्याप्रमाणे वाईट कृत्यही स्वतंत्रपणे केलेलं असू शकतं का. भावाने लगेच फोन केला आणि पाऊण तास वाद घातला. त्याला १.७ मिळाले, निबंधाला म्हणजे, भावाला नव्हे.

आणि हे सगळं जानेवारीत, तास चालू असताना. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेळेत करायची. नोंदणी नसेल तर कितीही सुंदर लिहिलेलं असो, कार्यालय ते मोजत नाही. मी दुसऱ्या सत्रात हाही धडा घेतला, त्याची गोष्ट सांगत बसत नाही, अजून राग येतो.

लिहायला बसण्यापूर्वी प्राध्यापकांच्या 'श्प्रेखश्टुंडे'ला जा. आठवड्यातला ठरलेला भेटीचा तास असतो, बहुधा आधी नाव लिहावं लागतं, पंधरा मिनिटं मिळतात. आपली मुलं एक तर घाबरून जातच नाहीत, नाहीतर जाऊन "सर, मी कशावर लिहू?" विचारतात. विषय त्यांनी द्यायचा नसतो. एका कागदावर प्रश्न, परिच्छेदाचा आकडा आणि त्या जागेबद्दल एकमेकांशी न पटणारे दोन अभ्यासक, एवढं लिहून न्या. गेल्या वर्षी एकाने मला विचारलं, पहिल्यांदाच भेटायला जातोय तर काजूकतली नेऊ का. म्हटलं, तो कागद ने, काजूकतली माझ्याकडे आण. दोन्ही विसरला.