माजघरात कवडसा आणण्याआधी

कोकणातल्या कौलारू घरात भर दुपारी माजघरात दिवा लावावा लागतो, हे मला लहानपणापासून खटकत आलंय. ओटी उजळ, पडवी उजळ, मागचं परसू तर डोळे दिपवणारं, आणि जिथे आईचा अर्धा दिवस जायचा तिथे अंधार. तांदूळ निवडायचे तर सूप घेऊन ती मागच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. छपरात काचेची दोन कौलं बसली आणि तिचं सूप माजघरात आलं. एवढ्याशा खर्चात घराला दुसरं काहीही करून इतकं सुख मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यंदाच्या शाकारणीत, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं परतताना, काचेची कौलं घालायची असतील तर तयारीला मार्चमध्येच लागा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो आणि मे महिन्यात कौलं परतणारी माणसं मिनतवारी करूनही मिळत नाहीत.

पहिलं काम जागा ठरवण्याचं, आणि ते घाईने उरकू नका. स्वच्छ उन्हाच्या दिवशी मनात असलेल्या जागेचं मातीचं कौल सरकवून ठेवा आणि कवडसा कुठे पडतो ते सकाळी नऊला, बाराला आणि तीनला जमिनीवर खडूने आखा. मग एवढं लक्षात घ्या की हा फक्त त्या दिवसाचा कवडसा आहे. रत्नागिरीच्या आसपास ९ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा ऊन कौलाच्या थेट खाली पडतं. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. त्या वेळी जमिनीपासून १२ फुटांवर असलेल्या कौलातून आलेला कवडसा १० फूट उत्तरेला सरकतो. मार्चअखेर हे अंतर तीनेक फूट भरतं. आमच्याकडे हा हिशेब कुणी केला नव्हता. मार्चमध्ये खाटेपासून चांगला लांब पडणारा कवडसा मे महिन्यात आजीच्या उशीवर आला आणि तिची दुपारची झोप गेली. शेवटी खाट हलवावी लागली. म्हणून कौलाच्या बरोबर खाली खाट, देव्हारा, पुस्तकांचं कपाट किंवा टीव्ही नको.

पूर्वेच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर, कौल घातलं तर सकाळचा कोवळा उजेड मिळतो, स्वयंपाकघराला तो फार छान. पश्चिमेचं पाखं मी टाळीन, चार वाजताचं ऊन घरात घेण्यात काही सुख नाही. उत्तरेच्या पाख्यावर ऊन येतच नाही असं समजू नका. मे-जूनमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो. बाकीचं वर्षभर मात्र तिथला उजेड सौम्य असतो. अगदी वळचणीच्या ओळीत काच घालू नका. तिथे सगळ्या पाख्याचं पाणी येतं आणि शिडीवरून चढणाऱ्याचा पहिला पाय तिथेच पडतो. माडाखालची जागा तर सोडूनच द्या. नारळ पडला तर काच राहत नाही, आणि खाली कोण बसलेलं असेल ते सांगता येत नाही.

माजघरावर माळा असेल तर कौल बदलून फक्त माळा उजळतो. कौलाच्या खालच्या फळ्या तेवढ्यापुरत्या काढून चौकोन मोकळा करावा लागेल. चारही बाजूंनी फळ्यांची भिंत करून ती आतून चुन्याने पांढरी केली की उजेड खालपर्यंत पोचतो. पांढऱ्या रंगाने किती फरक पडतो, ते रंगवण्याआधी आणि नंतर उभं राहून बघा.

जागा ठरली की सुताराकडून तिथल्या रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) आणि वासे तपासून घ्या. सुरी टोचल्यावर लाकूड भुसभुशीत लागलं तर रीप आधी बदलायची, काच नंतर.

खरेदीला जाताना घरचं एक जुनं कौल सोबत न्या, विसरू नका. आपली मंगलोरी कौलं म्हणजे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्याची परंपरा. पुढे असे पुष्कळ कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडाथोडा फरक राहिला. दिसायला दोन्ही कौलं सारखीच, पण खाचेत खाच बसली नाही तर पाणी आत आलंच. दुकानातच दोन्ही एकमेकांत अडकवून बघा. प्लॅस्टिकची पारदर्शक कौलं हलकी आणि स्वस्त असतात, पण उन्हाने पिवळी पडतात. मी काचच घेईन. लागतील त्याहून दोन कौलं जास्त घ्या, पुढे तोच साचा मिळेलच असं नाही. सुरुवात एका खोलीला दोन कौलांनी करा.

बसवून झाल्यावर एकाने आत उभं राहायचं आणि दुसऱ्याने आढ्याकडून दहा मिनिटं पाणी सोडायचं. धार वरून खालीच असू द्या. पाणी खालून वर मारलंत तर चांगल्या बसलेल्या कौलातूनही ते आत येतं.

घर स्लॅबचं असेल तर यातलं बरंच लागू नाही. स्लॅबला भोक पाडायचं की नाही हे गवंड्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, कारण त्यात सळ्या तुटतात. जागा बहुधा जिन्यावरची उत्तम. भोकाभोवती निदान सहा इंचांचा कठडा हवा, आणि काच लॅमिनेटेड हवी, म्हणजे फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यानंतर काचेवर शेवाळ धरतं आणि चूल असेल तर आतून काजळी बसते. दिवाळीच्या साफसफाईत लांब काठीला ओलं फडकं बांधून आतली बाजू पुसून घ्या. शेवाळलेली काच वरून मातीच्या कौलासारखीच दिसते, म्हणून दरवर्षी छपरावर चढणाऱ्याला ती कुठे आहे ते आधी हाताने दाखवा. जास्तीची दोन कौलं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर उभी ठेवा, आणि ती कुठे आहेत ते घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असू द्या.